झाली आठ, राहिली चार

जामखेड

चि. सोनू,

तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं. 'शिकलेली असून आजीसारखं करतेस' असं तुला घरात ऐकवतात, हे वाचून राहवलं नाही. तुझ्या आजीला असं कमी लेखलेलं मला खपत नाही.

लेकरं किती, असं विचारलं की आजी म्हणायची, "झाली आठ, राहिली चार." गेलेलं एकही ती मोजायची राहत नसे. दोघं हगवणीनं गेली. पोराला जुलाब लागले की पाणी तोडायचं, हीच तेव्हाची रीत. जामखेडच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. म्हातारपणी भाकरीला एक तरी हाताशी उरावा, तर बाईला पाच-सहा बाळंतपणं काढावीच लागत. यात अडाणीपणा कुठे आला? सुनेचं घरातलं बस्तानही लेकरांवरच बसायचं. आणि भरल्या घराची हौस तिलाही होतीच की.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये इथे आले. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं कसं पाजायचं, हे त्या घरोघर चुलीपाशी बसून दाखवत. लेकरं जगू लागली, तशा बायका आपण होऊन ऑपरेशनला जाऊ लागल्या. १९९६पर्यंत तो १७६चा आकडा तीसच्या खाली आला. राज्य सरकारनं मात्र १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते बारगळलं. लेकरू जगेल असा भरवसा बाईला दिला, की पुढचं तिचं तिला कळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आजीला थांबायची सोय नव्हती. तुला आहे, म्हणून स्पष्ट विचारते. दोन मुलींवर मुलगा हवा म्हणून हे चाललंय का? तसं असेल तर कळव, तुझ्या सासूबाईंशी मी बोलेन. तुलाच घर भरलेलं हवं असेल, तर कुणाला उत्तरं देत बसू नकोस. जावईबापूंना मात्र आत्ताच सांग, तिसरं झाल्यावर ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही. सातव्या महिन्यात मुलींना घेऊन इकडेच ये, बाळंतपण मी करते.

तुझी आत्या