चार ओळी

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला चार ओळी लिहायला सांगू नये. दोनशे पाने तो हसतहसत लिहील. पण चार ओळी म्हटल्या की त्याला घाम फुटतो. हे ज्ञान मला २००९ च्या मे महिन्यात झाले, आणि तेही माझ्याच एका विद्यार्थिनीकडून.

तिचे वडील बदली होऊन महाडला आलेले. चवदार तळ्याच्या अंगाला आमचे बिऱ्हाड, आणि दोन घरे सोडून त्यांचे. मुलगी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातली. ठाण्याकडे तिच्या समाजातल्या मुलामुलींनी एक मंडळ काढले होते आणि त्या मंडळाची पहिलीवहिली वेबसाइट करण्याचे काम या पोरीने अंगावर घेतले होते. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ती ओटीवर आली.

"सर, पहिल्या पानावर चार ओळी हव्यात. आम्ही कोण, ते सांगणाऱ्या. तुम्हांला काय, तुम्ही कादंबऱ्या लिहिता!"

मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. एवढी स्तुती मला पुरली. रात्रभर जागून मी आठ पाने लिहिली! नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, परंपरेप्रमाणे त्यातून वाचलेली सात जोडपी, त्यांनी पुढे धरलेला तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेले 'शनिवार तेली' हे नाव, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही गावांवरून आलेली आडनावे, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेले प्रार्थनामंदिर आणि १९४८ नंतर इस्रायलकडे गेलेली हजारो माणसे. शेवटचे वाक्य लिहिताना तर माझेच डोळे पाणावले.

तिने सारे वाचले. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, छान आहे. पण हे वाचून वाटतं, आम्ही सगळे मेलोय."

माझा चेहरा पडलेला पाहून ती हळूच पुढे म्हणाली, "आम्हांला मलिद्याची तारीख टाकायचीय, सर. अन् सहलीची."

मलिदा! आपण हा शब्द वर्तमानपत्रात वाचतो तो लाच खाण्याच्या संदर्भात. यांचा मलिदा म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे, वेलची आणि फळे. एलियाहू हन्नाबींच्या नावाने मांडलेले ताट. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी यांची श्रद्धा. मुलांची सहल तिथेच जायची होती.

खरा पेच पुढेच होता. मंडळाचा पत्ता वेबसाइटवर द्यायचा की नाही?

मुंबईत नरिमन हाऊसवर हल्ला झाला, त्याला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र. तिचे वडील आमच्याकडे आले ते काळजीच घेऊन. "सर, तुम्ही तरी समजवा हिला. इतक्या पिढ्या इथे राहिलो, दाराला कधी कडी लावली नाही. आता लावावीशी वाटते."

"पण पत्ताच नसेल, तर नवा मुलगा येणार कुठे, पप्पा?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी तळ्याकडे पाहिले. हे तळे सर्वांना खुले करावे, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. पण कागदावरच्या उघडेपणाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर चालत आले, तेव्हा कुठे ती ओंजळ भरली. आणि त्या ओंजळीपायी डोकीही फुटली. पुढे कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. वर्गात हा धडा मी आवाज चढवून शिकवीत असे. त्या संध्याकाळी मात्र 'दार उघडे ठेव' म्हणायला माझी जीभ रेटेना. माझ्या दाराशी कोण येणार होते बंदूक घेऊन? दुसऱ्याच्या जिवावर शूर होणे फार सोपे असते!

मी गप्प बसलो. मास्तरकीतली माझी ती सर्वांत शहाणी घटका असावी.

दुसऱ्या दिवशी पोरीने स्वतःच चार ओळी लिहून आणल्या. आम्ही कोकणातले ज्यू आहोत. आम्ही मराठी बोलतो. या महिन्यात मलिदा आहे. यायचे असेल तर कळवा. आमच्यापैकी कोणीतरी स्टेशनवर तुम्हांला घ्यायला येईल.

वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचले. "मी जाईन स्टेशनवर," ते म्हणाले.

त्या ओळी दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तेव्हा मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसले. मग टंक बदलण्यात दोन दिवस गेले. पुढे त्यांची बदली झाली. माझी आठ पाने २०२१ च्या जुलैतल्या पुरात सावित्रीबरोबर वाहून गेली. त्यांतले एकही वाक्य आज मला आठवत नाही.

त्या चार ओळी मात्र तोंडपाठ आहेत.