अलीगंज : धावणाऱ्याच्या पाठीमागचे डोळे

लखनौ म्हटले की इमामबाडा, चिकनचे कुर्ते, कबाब आणि ‘पहले आप’ ही चार नावे ओघाने येतातच. प्रवासीही तेवढेच पाहून परततात. पण गोमतीचा पूल ओलांडून विद्यापीठ मागे टाकले, की या शहराचा एक वेगळाच चेहरा दिसू लागतो. कपूरथळ्याचा गजबजलेला चौक, पुरनियाचा नाका, इंग्रजी अक्षरांची नावे असलेले सेक्टर, नोकरदारांची बैठी घरे आणि त्यांच्या अंगणातली आंब्याची झाडे, हे अलीगंज. मुलांना घेऊन गेलात तर इथली आंचलिक विज्ञान नगरी जरूर दाखवा. १९८९ साली सुरू झालेल्या या नगरीत अर्धा दिवस सहज जातो.

माझी थोरली बहीण लग्नानंतर इथेच स्थायिक झाली. तिच्याकडे जायचे तर लोक थंडीचे दिवस निवडतात. मी मात्र मुद्दाम ज्येष्ठात गेले, ते ‘बडा मंगल’ पाहण्यासाठी.

चंद्रकोरीचे मंदिर

ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार इथे बडा मंगल म्हणून साजरा होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे वैशाखाचा वद्य पक्ष चालू असतानाच तिथे ज्येष्ठ लागलेला असतो. तेव्हा जायचे असेल तर आपल्या कालनिर्णयावर विसंबू नये, तिथल्या कुणाला तरी तारखा विचाराव्यात.

अलीगंजमध्ये हनुमानाची दोन प्रसिद्ध मंदिरे आहेत, एक जुने आणि एक नवे. जुन्या मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. हे मंदिर अवधच्या नवाबी घराण्यातल्या बेगमेने बांधवले, असे सांगतात. ती बेगम नेमकी कोण, याविषयी कथा वेगवेगळ्या आहेत. चंद्रकोर मात्र डोळ्यांना दिसते. नव्या मंदिराची कथा केशर-कस्तुरीच्या एका व्यापाऱ्याची आहे. त्याचा माल खपेना, त्याने नवस बोलला आणि नवाबाने सगळा माल एकदम घेतला, अशी ती कथा.

मंगळवारी सगळ्या शहरात जागोजागी मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी, सरबत, थंड पाणी, जो येईल त्याला मिळते. कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मोटारीतून जाणारालाही हात करून थांबवतात आणि द्रोण हाती देतात.

पण मला सर्वांत जास्त बांधून ठेवले ते लोटांगण घालत येणाऱ्या भक्तांनी. ऊन टाळण्यासाठी ते रात्रीच घरून निघतात. माणूस पालथा पडतो, हात पुढे पसरतो, बोटांच्या टोकाशी खूण करतो, उठून खुणेवर उभा राहतो आणि पुन्हा पालथा होतो. असे करत सगळा रस्ता मोजायचा. तोंड जमिनीकडे असल्यामुळे त्याला पुढचा खड्डा दिसत नाही, मागून येणारा टेम्पो तर मुळीच दिसत नाही. म्हणून त्याच्या बाजूने घरचे कुणीतरी चालत असते. भाऊ, बायको, कधी म्हातारी आई. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर गमछा. “रुको”, “थोडा बायें”, “अब चलो.” नवस एकाचा आणि डोळे दुसऱ्याचे!

“मी काही खेळत नाही”

हे सारे मी इतक्या बारकाईने पाहिले, त्याला माझा भाचा कारण झाला. तेरा वर्षांचा आहे. त्याच्या शाळेत बेसबॉल शिकवतात आणि सुट्टीतल्या शिबिरात सकाळी सहालाच सामने होतात. मी मोठ्या कौतुकाने म्हटले, “मला तुझा खेळ पाहायचाय.” त्यावर तो म्हणाला, “मावशी, मी काही खेळत नाही. मी नुसता उभा असतो.”

तो ‘बेस कोच’ होता. हा प्रकार आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना नवा असेल, म्हणून थोडे समजावून सांगते. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतात. फटका मारणारा शेवटच्या कोपऱ्यावर, म्हणजे ‘होम’वर, उभा राहतो. चेंडू मारून तो पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरून पळत पुन्हा होमवर आला, की एक धाव होते. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधले अंतर ९० फूट असते. आता गंमत अशी, की पळणाऱ्याचा चेंडू बरेचदा त्याच्या पाठीमागे असतो. मान वळवून पाहावे तर वेग कमी होतो, न पाहावे तर चेंडू आधी पोचून तो बाद होतो. म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघाची दोन माणसे पहिल्या आणि तिसऱ्या बेसजवळ, रेषेबाहेर आखलेल्या चौकटीत, उभी असतात. मोठ्या संघांत हे काम अनुभवी प्रशिक्षक करतात, तर शाळेच्या संघात ते राखीव मुलांकडे येते.

त्यांची भाषा हातांची. दोन्ही हात वर केले की थांब. हात चक्रासारखा फिरवला की थेट होमकडे पळ. तळवे खाली दाबले की घसरत जा. शिवाय प्रमुख प्रशिक्षकाचे गुप्त इशारे फलंदाजापर्यंत पोचवण्याचे कामही बहुधा तिसऱ्या बेसवालाच करतो. टोपीला हात, कानाला हात, छातीवर हात, यांतला खरा इशारा कोणता ते फक्त आपल्याच संघाला ठाऊक असते. एक बंधन मात्र कडक आहे. पळणाऱ्याला धरून थांबवायचे नाही, की ढकलायचेही नाही. बेस कोचने अशी अंगाला हात लावून मदत केली, तर पळणाराच बाद ठरतो. काय करायचे ते दाखवायचे, करायचे मात्र त्याने.

क्रिकेटमध्येही अशी रीत आहेच. चेंडू फलंदाजाच्या पाठीमागे गेला की धावेचा पुकारा समोरच्या टोकाचा साथीदार करतो, कारण चेंडू त्याला दिसतो. लखनवी ‘पहले आप’ इथे चालत नाही. दोघेही अदबीने थबकले, की एक जण धावबाद!

एक धाव कमी

भाच्याचा तो सामना शेवटच्या डावात रंगला. त्यांचा संघ एका धावेने मागे होता आणि त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर होता. फटका उजव्या कोपऱ्यात लांब गेला. गडी दुसऱ्या बेसला वळला आणि मागे एकदाही न पाहता त्याने तिसऱ्या बेसकडे नजर लावली. भाच्याने हात फिरवला, ‘पळ!’ पोर जीव खाऊन होमकडे पळाले. पण तिकडून आलेली फेक अचूक निघाली. तो बाद झाला, सामना गेला.

मग जे व्हायचे तेच झाले. “तूने हाथ घुमाया, इसलिए मैं भागा,” असे तो मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला. घरी आल्यावर मेहुणे चिडले. “खेळायला घेत नाहीत आणि दोष मात्र याच्या माथी! उद्यापासून जाऊ नकोस.” ताई काही बोलली नाही, पण तिचेही मत तेच होते. पोर जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे खेळाचे शिक्षक वाटेत भेटले. त्यांनी मोठी समजूत घातली नाही. म्हणाले, “पळणाऱ्या मुलाने बरोबर केले. त्याने मान वळवली नाही, इशाऱ्यावर विश्वास ठेवला. चूक झाली असेल तर ती तिसऱ्या बेसची. म्हणून तर तिथे मी कुणालाही उभे करत नाही. फेकणारा किती लांब आहे, त्याचा हात कसा आहे, आपला गडी किती चपळ आहे, एवढे सगळे क्षणात जोखायचे. दहा वेळा बरोबर सांगितले तर टाळ्या पळणाऱ्याला, एकदा चुकले तर बोल याला. हे सोसणारे पोर लागते.”

पुढच्या मंगळवारी मी भाच्याला घेऊनच मंदिराच्या रस्त्यावर गेले. एक म्हातारी आपल्या लोटांगण घालणाऱ्या मुलाबरोबर चालत होती. सायकलरिक्षा जवळ आली तेव्हा तिने नुसता तळहात वर केला आणि तो जागीच थांबला. भाचा बराच वेळ पाहत राहिला. बुधवारी सकाळी मैदानावर जायला तो आपणहून उठला.

कुर्सी रोडची दोन मुले

बेसबॉल म्हणजे अमेरिकेचे फॅड, असे इथे कुणी म्हणत नाही, त्याला कारण आहे. अलीगंजच्या बाजूने उत्तरेकडे कुर्सी रोड जातो, त्याच रस्त्यावर गुरु गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेज आहे. तिथे शिकलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू. २००८ साली भारतात जलद आणि अचूक चेंडूफेकीची स्पर्धा झाली, तीत रिंकू पहिला आला. त्याच वर्षी दोघांना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने करारबद्ध केले. त्याआधी ते बेसबॉल खेळलेही नव्हते. त्यांच्यावर २०१४ साली हॉलिवूडमध्ये चित्रपटही निघाला.

फेकणाऱ्यांची नावे अशी जगभर होतात. रेषेबाहेर उभे राहणाऱ्यांची क्वचितच होतात, आणि झाली तरी कधी दुःखद कारणाने. २००७ च्या जुलैत अमेरिकेत माइक कूलबॉ हा पहिल्या बेसचा कोच आपल्या चौकटीत उभा असताना फटक्याचा चेंडू मानेजवळ लागून मरण पावला. तो पस्तीस वर्षांचा होता. त्यानंतर २००८ पासून तिथल्या मोठ्या साखळीत बेस कोचना शिरस्त्राण सक्तीचे झाले. ‘नुसते उभे राहणे’ ही काही सोपी नोकरी नव्हे, हे तेव्हा साऱ्यांना कळले.

जायचे कसे?

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस लखनौला नेते. चारबागहून मेट्रोने आय.टी. कॉलेज स्थानकापर्यंत यावे, पुढे अलीगंजला रिक्षा मिळतात. ज्येष्ठात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून टोपी, सुती कपडे आणि पाणी जवळ ठेवावे. दर्शनाला पहाटे जावे आणि भंडाऱ्याची पुरी-भाजी अवश्य खावी. रस्त्यात लोटांगण घालणारे दिसले तर त्यांना वाट द्यावी. त्यांच्याकडे सगळेच पाहतात. आपण त्यांच्या बाजूने बाटली घेऊन चालणाऱ्याकडेही पाहावे, आणि जमल्यास त्याला एक ग्लास सरबत आणून द्यावे. दुसऱ्याला पाणी देता देता स्वतः प्यायचे तो बहुधा विसरलेला असतो.