कोलनचा हलवाई

लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची. त्या गार, किंचित झोंबणाऱ्या वासामुळे कोलन हे एखाद्या औषधाचं नाव असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ते जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीकाठचं एक गाव आहे आणि 1709 साली फारिना नावाच्या एका इटालियन माणसाने तिथे अत्तराचा कारखाना काढला म्हणून आमच्या कोल्हापुरातल्या कपाटात ती बाटली आली, हे फार उशिरा कळलं. गेल्या ऑक्टोबरात भाचीकडे गेलो तेव्हा स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर मी हवा हुंगली. वास होता तो ओल्या दगडाचा आणि भाजक्या सॉसेजचा.

समोर तो कॅथीड्रल. काम सुरू झालं 1248 मध्ये आणि संपलं 1880 मध्ये. आमच्याकडच्या रखडलेल्या पुलांबद्दल आता मी काही बोलणार नाही, असं भाचीला सांगितलं. ती हसली नाही. रोज त्याच्या सावलीतून कामावर जाणाऱ्यांना त्याचं कौतुक नसतं. शिवाय तिला घाई होती. शुक्रवारी दुपारी लवकर सुटून ती मला एक प्रदर्शन दाखवणार होती आणि नंतर जेवायला नेणार होती. हा क्रम चुकला, असं माझं अजूनही मत आहे. रिकाम्या पोटी चित्रं बघू नयेत. पण चुकला ते बरंच झालं.

मीडियापार्क नावाचा काचेच्या इमारतींचा नवा भाग आहे. पूर्वी तिथे रेल्वेचं मालधक्क्याचं आवार होतं. आता तळं आहे, बदकं आहेत. तिथे एका इमारतीत फोटोंचा मोठा संग्रह आहे. तो चालवणारी संस्था शहराच्या बचत बँकेने काढलेली. 1992 साली त्यांनी आउगुस्ट झांडर या फोटोग्राफरचा सगळा ठेवा विकत घेतला. त्यात काचेवरच्या निगेटिव्हच दहा हजारांहून अधिक. आमची बँक दिवाळीला कॅलेंडर देते, तेही खातं जुनं असेल तर.

झांडर 1876 चा. गाव हेरडॉर्फ, बाप लोखंडाच्या खाणीत सुतार. हाही पोरगा असताना खाणीतच कामाला लागला आणि तिथे आलेल्या एका फोटोग्राफरची पेटी बघून बिघडला. पुढे त्याने कोलनमध्ये स्टुडिओ काढला आणि एक अचाट खूळ डोक्यात घेतलं. आपल्या काळातल्या सगळ्या माणसांचे फोटो काढायचे. राजे, नटनट्या यांचे नव्हेत, सगळ्यांचे. शेतकरी, कारागीर, बाई, धंदेपेशे, कलावंत, शहर आणि शेवटी ‘शेवटचे लोक’, म्हणजे आंधळे, म्हातारे, मेलेले, असे सात गट त्याने पाडले. ‘विसाव्या शतकातली माणसं’ असं त्या कामाचं नाव. ते पुरं झालं नाही, होणारही नव्हतं.

भाची त्या सात गटांच्या यादीपाशी उभी राहिली. ती एका कारखान्यात इंजिनिअर आहे. म्हणाली, “मामा, बाई हा वेगळा धंदा आहे का रे? मग मी कुठे बसणार?” मी म्हटलं, “तुझ्या आजीला विचार, ती सांगेल.” पण प्रश्न खरा होता आणि तो दिवसभर माझ्या मागे लागला. कारण माणसांचे असे कप्पे करायचे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बारा बलुतेदार येतात, अठरापगड जाती येतात. आणि कप्प्यांसाठी फोटो काढायचे म्हटलं की मला मुंबईचा विल्यम जॉन्सन आठवतो. त्याने 1863 आणि 1866 साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, दोन्ही चिकटवून एक केलेलं. नंतर इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. एका संग्रहालयात त्यातली काही पानं पाहिली होती. त्या पानांवरच्या माणसांना आपण कशासाठी उभे आहोत हे कुणी सांगितलंच नसावं, अशी त्यांची नजर होती.

झांडरच्या भिंतीवर तसं नव्हतं. आणि का नव्हतं, ते मला त्या हलवायापाशी कळलं.

मूळ जर्मन शब्द ‘कोंडिटोर’, म्हणजे केक-पेस्ट्री करणारा. पण त्या माणसाला बघताच माझ्या तोंडून हलवाई हाच शब्द निघाला. 1928 चा फोटो. स्वयंपाकघरात एक गोल गरगरीत माणूस उभा आहे. अंगात पांढरा डगला, डोकं तुळतुळीत, मिशा, एका हाताशी मोठं पातेलं, दुसऱ्या हातात ढवळायचं हत्यार. हसत नाही. ओशाळलेलाही नाही. कॅमेऱ्याकडे असा बघतोय, जणू म्हणतोय, काय ते लवकर काढा, पाक बिघडेल.

आणि मला कोल्हापूरच्या तालमी आठवल्या. तिथे भिंतीभर पैलवानांचे फोटो असतात. लंगोट किंवा चढाईची चड्डी, खांद्यावर गदा, नजर थेट. तो हलवाई डिट्टो तसा उभा होता. पातेलं म्हणजे त्याची गदा. त्याच्या शेजारीच एक गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, तोही 1928 चाच. खांद्यांवरच्या आडव्या फळीवर विटांचा ढीग, मागे नुसता काळोख. ते ओझं घेऊन तो काही क्षण हललेला नाही, कारण झांडर जुन्या पद्धतीचा मोठा कॅमेरा आणि काचा वापरायचा. त्याला वेळ लागायचा आणि समोरच्यानेही तेवढा वेळ द्यावा लागायचा. मला वाटतं, फरक इथेच आहे. घाईत टिपलेला माणूस नमुना होतो. जो स्वतःहून उभा राहतो, त्याला श्वास आवरायला आणि आपण कोण हे ठरवायला सवड मिळते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो फोटो स्टुडिओ होता, तिथेही ‘हलू नका’ म्हणायचे. पण तिथे पडद्यावर धबधबा होता, स्टुलावर तार नसलेला टेलिफोन होता आणि खुंटीवर एक कोट होता. एकच. गावातली निम्मी लग्नं त्या कोटात झाली. कुंभार, न्हावी, गुऱ्हाळावरचा गुळव्या, सगळे तिथे यायचे ते आपापला धंदा बाहेर ठेवून. धंद्याच्या कपड्यांत फोटो काढायचा मान फक्त पैलवानाला आणि सुट्टीवर आलेल्या फौजी माणसाला. गुळव्याचा कढईजवळचा, हातात फावडं घेतलेला फोटो माझ्या पाहण्यात नाही. काढायला हवा होता, असं आज मी म्हणतो. त्याने काढू दिला असता का, ते वेगळं.

पण झांडरची माणसंही कोट चढवतात बरं का. त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो 1914 चा. तीन तरुण, काळे सूट, हॅट, हातात काठ्या, नाचाला निघालेले, वाटेत थांबून मागे वळून बघताहेत. नाव ‘तरुण शेतकरी’. आणि गंमत अशी की पुढे कुणीतरी शोध घेतला तेव्हा कळलं, तिघांतला एकही धंद्याने शेतकरी नव्हता. लोखंडाच्या खाणीवर कामाला होते. त्यांतला एक पहिल्या महायुद्धात मारला गेला. म्हणजे खाणीतून आलेल्या झांडरने खाणीतल्याच पोरांना शेतकऱ्यांच्या कप्प्यात घातलं. हे कळल्यावर मला तो फोटो जास्त आवडायला लागला. चिठ्ठी चुकली तरी चेहरा चुकला नाही.

1929 साली त्याने यांतले साठ फोटो निवडून ‘काळाचा चेहरा’ नावाचं पुस्तक काढलं. सुरुवात शेतकऱ्यापासून, शेवट बेकारापाशी. 1936 मध्ये नाझींनी त्या पुस्तकाचे छपाईचे ब्लॉक नष्ट केले. पुस्तकात राजकारणातली माणसं अगदी मोजकी. पण एका वंशाचा एकच देखणा चेहरा असतो, असं ज्यांना सांगायचं होतं, त्यांना हे मिशावाले, पोटवाले, दमलेले, नाना तऱ्हांचे जर्मन कसे चालणार? शिवाय झांडरचा मुलगा एरिख डाव्या विचारांचा. त्याला 1934 साली पकडून दहा वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगात त्याला फोटो काढायचं काम मिळालं आणि त्याने सोबतच्या राजकीय कैद्यांना आपल्या बापाच्याच रीतीने टिपलं, समोर, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. 1944 मध्ये, सुटकेला थोडे महिने उरले असताना, अपेंडिक्सवर वेळेत उपचार न झाल्याने तो मेला. बापाने ते कैद्यांचे फोटो आपल्या कामात घेतले. कोलनच्या ज्या ज्यूंचे फोटो त्याने काढले होते, त्यांच्यासाठीही एक गट केला. ती माणसं ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली होती. त्या भिंतीपाशी सगळेच हळू चालत होते. आणि ‘शेवटच्या लोकां’त एरिखचा मृत्यूनंतरचा मुखवटा आहे. सगळ्या देशाचे कप्पे करत बसलेल्या माणसाला आपल्या पोरासाठी शेवटी हा कप्पा उघडावा लागला.

बॉम्बहल्ल्यांत त्याचा स्टुडिओ गेला. काही हजार काचा त्याने आधीच खेड्यात नेऊन ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. तळघरात राहिलेल्या हजारो निगेटिव्ह युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, आगीत जळाल्या. युद्धाआधीच्या कोलनचे त्याचे फोटो मग शहराच्या संग्रहालयाने 1953 साली विकत घेतले. ते शहर तोवर राहिलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा अंधारलं होतं, पाऊस होता आणि भूक अशी लागली होती की त्या हलवायाच्या पातेल्याचीच आठवण येत होती.

ब्राउहाउस म्हणजे बियर गाळणाऱ्यांची जुनी खाणावळ. घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं, अनोळखी माणसाच्या शेजारी बसायची पद्धत. इथल्या वाढप्याला ‘क्योबेस’ म्हणतात. याकोबचं कोलनी रूप. निळा गंजीफ्रॉकसारखा अंगरखा, लांब ॲप्रन, कमरेला पैशांची कातडी पिशवी. तो नम्र नसतो आणि नसावा, अशीच अपेक्षा असते. पाणी मागितलं तर साबण-टॉवेलही हवाय का, असं विचारतो म्हणतात. मी मागायचं धाडस केलं नाही. त्याने न विचारता दोन ग्लास आपटले. इथली क्योल्श बियर 200 मिलीच्या उभ्या बारीक ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की पुढचा हजर, आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ. “मामा, बास झालं की चकती ग्लासावर ठेव, नाहीतर तो थांबणार नाही,” भाची म्हणाली. आमच्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसंच हे.

यादीत ‘हाल्व्हर हान’ होतं, अर्धा कोंबडा. मी हरखलो. आलं काय, तर राईचा पाव, चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. कोंबड्याचं पीसही नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा माझं तोंड बघून खुश झाले. हा विनोद इथे परगावच्या प्रत्येक पाहुण्यावर होतो. भाचीने बटाट्याच्या किसाची कुरकुरीत धिरडी घेतली. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून कॅथलिक लोक ती खातात. थेट उपासाचं थालीपीठ, फक्त दह्याऐवजी सफरचंदाचा गर. उपास सगळीकडे बटाट्यावरच का येऊन थांबतो, कोण जाणे.

मी दोन थाळ्या मागवल्या. कोल्हापूरकराला एक पुरत नाही. पहिली ‘हिमेल उन एड’, स्वर्ग आणि धरती. सफरचंद स्वर्गातलं, बटाटा धरतीतला, दोन्ही घोटून एकत्र, वर तळलेला कांदा आणि रक्ताचं सॉसेज. भाची माझ्याकडे चोरून बघत होती, मामा तोंड वाकडं करेल म्हणून. अगं, रक्तीमुंडीवर वाढलेला माणूस मी! सॉसेज मऊ, खारट, आपल्या रक्तीपेक्षा सौम्य, आणि मागून सफरचंदाचा आंबटगोडपणा. दुसरी थाळी डुकराच्या पायाची, मिठात मुरवून उकडलेली, खाली आंबवलेल्या कोबीचा ढीग. मसाला म्हणाल तर तमालपत्र, लवंग असलं काहीतरी. सुरुवातीला जीभ तिखट शोधत राहिली. चार घासांनी तिने नाद सोडला आणि मांस सुरीविना हाडावरून सुटतंय हे तिच्या लक्षात आलं. थंडीतून आलेल्या, दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाचं हे जेवण. मी विटा वाहिल्या नव्हत्या, पण त्या बिगाऱ्याला जरा जास्त वेळ बघितलं होतं, तेवढ्यावर भागवलं.

चौथ्या रेघेनंतर मी क्योबेसकडे नीट बघायला लागलो. पन्नाशीचा, भरदार, मनगटं जाड, हातात ग्लासांचं गोल तबक. भाचीला म्हटलं, विचार ना, फोटो काढू का? तिने विचारलं. तो थांबला. मोबाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ओला हात ॲप्रनला पुसला, तबक पोटापाशी धरलं, हनुवटी उचलली आणि हसणं पार बंद करून उभा राहिला. तीन टेबलांवरून हाका येत होत्या. तो हलला नाही. ग्लासांतला फेस खाली बसत होता. मी काढला.

त्याने मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला आणि काहीतरी पुटपुटला. “पोट फार मोठं आलंय म्हणतोय,” भाची म्हणाली. मग वाकून आमच्या चकतीवर एक रेघ ओढली आणि गेला. आम्ही ग्लास मोजले. रेघ एक जास्त होती.