सैल मूठ

सकाळी सव्वासहाला खालच्या कोर्टवरून पहिला आवाज येतो, टॉक. जरा थांबून पुन्हा टॉक. भोकाभोकांचा तो प्लॅस्टिकचा चेंडू, वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. पण त्या आवाजाने माझा चहा अर्धाच राहतो.

कॉलेजात मी बॅडमिंटन खेळत होते. चौसष्टाव्या वर्षी खालच्या कोर्टवर पिकलबॉलचं पॅडल घेऊन उतरले तेव्हा माप ओळखीचंच निघालं, वीस फूट बाय चव्वेचाळीस. हा खेळ जन्मलाच बॅडमिंटनच्या कोर्टवर. १९६५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर घरातली मुलं कंटाळली होती. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना बॅडमिंटनचं सामान पुरेसं सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन ते जुन्या बॅडमिंटन कोर्टवर खेळायला लागले. त्या बॅडमिंटनचे नियम एकोणिसाव्या शतकात आपल्या पुण्याच्या छावणीत आकाराला आलेले. पुढे मुंबईच्या सुनील वालावलकरांनी पिकलबॉल भारतात आणला. फिरून घरी आल्यासारखं मला वाटतं ते त्यामुळेच.

माप ओळखीचं, हात मात्र चुकत होता. नेटजवळ चेंडू आला की मनगटातला जुना स्मॅश उसळायचा. इथे नेटलगतच्या सात फुटांत, किचनमध्ये, चेंडू हवेतच मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. मला तर या खेळाचा जीव त्या सात फुटांतच आहे असं वाटतं. तिथे ताकदीचं फारसं चालत नाही, म्हणून अकरा वर्षांचा मुलगा आणि मी एकमेकांसमोर उभे राहू शकतो.

आमच्यातले बहात्तर वर्षांचे काका एकदा म्हणाले, “मूठ सोडा, ताई. तान्ह्या बाळाला टोपडं घालताना हात कसा होतो?”

मग सगळा पावसाळा मी एवढंच केलं. पार्किंगच्या भिंतीवर खडूने नेटच्या उंचीची रेघ ओढली, मधली उंची, चौतीस इंच. तिच्या वर वीतभर चेंडू लावायचा, जोर न करता. आधी बोटं सैल झाली, मग कोपर, शेवटी खांदा. खांद्याला सर्वांत जास्त वेळ लागला. चाळीस वर्षं पर्स, पिशव्या, मुलं, सगळं त्याच खांद्यावर होतं.

परवा दहा-दहा झाले होते. जिंकायला आता दोन गुणांची आघाडी हवी होती. समोर तो अकरा वर्षांचा. आम्ही दोघं किचनच्या रेघेशी वाकलेले, चेंडू नेटवरून इकडून तिकडे नुसता ओघळत होता. टॉक, टॉक. पंधरापर्यंत मोजले, मग मोजायचं विसरले. त्याचा धीर सुटला, त्याने जोरात मारला आणि चेंडू नेटमध्ये अडकला.

तो चेंडू उचलायला गेलाच नाही. सरळ नेटपाशी आला. “काकू, तुम्ही पॅडल धरता कसं?”

मी त्याचा हात हातात घेतला. मूठ गच्च आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. एकेक बोट मी हळूच सोडवत गेले.