आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

माझ्याबरोबर सिनेमाला कुणी सहसा दुसऱ्यांदा येत नाही. बाकीचे पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतात, तोवर सुरुवातीची नावं संपतात आणि माझा अर्धा सिनेमा तिथेच झालेला असतो. अक्षर किती जाड आहे, मात्रा कुठे वळवलीय, शिरोरेषा का तोडलीय, हे बघताना मी शेजारच्याला कोपर मारत असते. मी कमर्शियल आर्टिस्ट आहे. कॉलेजात या विषयाला ‘उपयोजित कला’ असं भारदस्त नाव आहे. आमच्या सोसायटीत मात्र ‘ती बॅनर बनवते’ एवढीच माझी ओळख, आणि ती काही खोटी नाही.

माझा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर उजाडतो. ‘ताई, लोगो अजून मोठा.’ ‘ताई, पिवळा जरा कमी पिवळा करा ना.’ लग्नपत्रिका, तुपाच्या बरणीचं लेबल, दवाखान्याची पाटी, वाढदिवसाचा फ्लेक्स. कुणी जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर पाठवतं आणि युनिकोडच्या फाइलीत चिकटवला की घराण्याच्या कुलदैवताची खिचडी होते. फाइलचं नाव आधी ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, शेवटी ‘हेच छापा’. यातल्या कशावरही माझी सही नसते. त्याचं वाईट वाटत नाही. रस्त्यावरची पाटी वाचताना ती कुणी काढली, असं आपण तरी कुठे विचारतो?

गेल्या वर्षापासून मात्र वाढदिवसाचे फ्लेक्स कमी झालेत. भाऊंचा सिंहासोबतचा फोटो आता एआय दोन मिनिटांत करून देतं. माझ्याकडे उरतं ते फक्त नाव नीट लिहिण्याचं काम. तेही किती दिवस उरेल, हा प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर येतोच.

अशातच एका कॉलेजची एकांकिकेची टीम आली. तीन मुलं, एक मुलगी, बजेट दीड हजार. एकांकिकेचं नाव ‘आड’. गावातला बुजवलेला आड, त्यातून रात्री येणारा आवाज वगैरे. दिग्दर्शकाने मोबाइल पुढे केला. त्यावर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चं लाल चकाकणारं शीर्षक. ‘सेम टू सेम पाहिजे, फक्त मराठीत.’ शिवाय एआयवर केलेलं एक पोस्टरही त्यांनी आणलं होतं. धुकं, लाल प्रकाश, पडका वाडा. खरंच छान होतं. फक्त ‘ड’च्या जागी धड ‘इ’ नाही, धड ‘ह’ नाही असं काहीतरी लटकत होतं. ‘तेवढंच दुरुस्त करून दिलंत तर किती घ्याल?’ मुलीने सरळ विचारलं.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ची मी पंखा आहे. पहिला सीझन २०१६मध्ये आला, तेव्हा ते शीर्षक मी कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिलं होतं. त्यातलं अक्षर आहे आयटीसी बेंग्वियाट. एड बेंग्वियाट या अमेरिकन अक्षरकाराने ते १९७७मध्ये केलं. मालिका करणाऱ्यांना स्टीफन किंगच्या जुन्या पेपरबॅकची आठवण करून द्यायची होती. म्हणजे ते अक्षर मुळात भीतिदायक नाहीच. लहानपणी पांघरुणात लपून किंग वाचलेल्या माणसाला ते दिसलं की आतलं काहीतरी हलतं. भीती त्याच्या आठवणीत आहे, अक्षर फक्त कडी वाजवतं.

आपल्याकडे पांघरुणात काय वाचलं जायचं? नारायण धारप. रत्नाकर मतकरी. वाचनालयाचा शिक्का मारलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली पुस्तकं. मी कपाटातून दोन काढून मुलांसमोर ठेवली. ‘तुंबाड’ चौघांनीही पाहिला होता, एकाने तर पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरात जाऊन. पण त्यातली ती आजी धारपांच्या ‘आजी’ या कथेतून आलीय, आणि ती कथा मुळात किंगच्या ‘ग्रामा’वरून सुचलेली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. किंग आपल्या वाड्यात कधीच मुक्कामाला येऊन गेलाय म्हटल्यावर दिग्दर्शकाने मोबाइल उलटा ठेवला.

मग मी कागद घेतला. रोमन लिपीत अक्षरं एका रेषेवर उभी असतात. देवनागरीत ती शिरोरेषेला लटकतात. विहिरीच्या गोष्टीला याहून चांगली लिपी कुठे मिळणार? शिरोरेषा झाली आडावरची आडवी लाकडी तुळई. ‘आ’चा काना नेहमीच्या जागी न थांबवता खाली सोडला, दोरासारखा, टोकाला विरत जाणारा. ‘ड’ची मान किंचित लांबवली आणि पोट जड केलं, भरलेल्या पोहऱ्यासारखं. ‘ड’च्या डोक्यावरची शिरोरेषा मध्ये चिरली. तुळई आता मोडेल, मग मोडेल. लाल रंग ठेवला. तेवढा हट्ट मलाही मान्य होता.

हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलेलं नाही. काकाच्या माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. १९६४मध्ये वेताळापासून सुरू झालेली ती मालिका माझ्या जन्माआधीच गाजून गेलेली. आतली चित्रं परदेशी, पण सुरुवातीच्या काळातली मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांच्यासारख्या इथल्या चित्रकाराने रंगवलेली. वेताळाच्या दंडाचे स्नायू गिरवत मी हात बसवला. पुढे कमल शेडगे यांनी हाताने काढलेली नाटकांची शीर्षकं वर्तमानपत्रांतून कापून वहीत चिकटवली. नाटक न बघताच त्याचा स्वभाव कळावा, असं त्यांचं अक्षर. २०२०मध्ये ते गेले, त्या दिवशी मी ती वही पुन्हा चाळली. घरचे या सगळ्याला ‘नाद’ म्हणायचे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण आहे. तो नाद हाच माझा आड. गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त पोहरा.

एआयचा राग राग करून उपयोग नाही. त्याचं धुकं माझ्यापेक्षा सरस होतं, तेच पोस्टरवर ठेवलं. ‘ड’ही ते उद्या नीट काढेल. पण कुणाच्या घरातली भीती कुठल्या कपाटात असते, हे विचारायला समोर माणूस बसावा लागतो. निदान अजून तरी तेवढ्याचेच मी पैसे घेते.

दीड हजार दोन हप्त्यांत यूपीआयने आले. फाइलचं नाव या खेपेला एकच राहिलं. जाताना त्या मुलीने धारपांचं पुस्तक ‘वाचून देते’ म्हणून नेलं. त्याला आता चार महिने झाले. मी अजून परत मागितलेलं नाही.