शिक्षा

तीस वर्षें मी दुसऱ्यांना शिकवीत आलों. पण रात्रीचा पेला दूर सारण्यास मला स्वतःला शिकवितां येईना. मन इतकें खचलें होतें कीं, डॉक्टरांचें औषधही मी हताशपणेंच घेत असें.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षासमारंभास आईच्या कडेवर बसून गेलेल्या शेजारच्या मावशी एके सायंकाळीं म्हणाल्या, "सर, विहारांत नुसते येऊन बसा." गेलों. त्रिशरण तीनदां म्हटलें गेलें, मग पंचशील. मद्यापासून दूर राहण्याचें पांचवें शील उच्चारतांना माझी जीभ अडखळली.

घरीं येऊन पाली पाठ अर्थासह वाचला. त्यांत प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हटलें आहे. सिक्खा म्हणजे शिक्षण. मराठींत मात्र त्याच शब्दाची 'शिक्षा' होऊन अर्थ दंडावर आला! आजवर मी स्वतःला दंडच करीत होतों. दंड भोगणारा मागें पाहतो. शिकणाऱ्याला उद्यां असतो.

पुढें दोनदां घसरलों. दोन्ही वेळां दुसऱ्या सायंकाळीं तेंच शील पुन्हां म्हटलें. औषध चालूं आहे, पठणही. व्यसन सुटलें असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. वर्गांत बसलों आहें, एवढेंच.