छपरावरचीं छिद्रें

संस्कृतांत 'छिद्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भोंक, दुसरा दोष. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत कां नांदतात, याचा प्रत्यय आम्हांस शाळेच्या वर्गांत न येतां अमेरिकेंत एका छपरावर आला, असें सांगितल्यास वाचक हंसतील. पण हकीकत खरी आहे.

आमचे चिरंजीव मिशिगन राज्यांत असतात. मोटारीमागें जोडून न्यावयाचें चाकांवरचें घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, बाळगण्याची हौस तिकडे पुष्कळांस आहे. अशीं घरें मुख्यत्वें शेजारच्या इंडियानांतील एल्खार्ट गांवाच्या आसपास तयार होतात. त्यांपैकीं पुष्कळांचें छप्पर ईपीडीएम नांवाच्या कृत्रिम रबराचें असतें. हें रबर ऊन, पाऊस व थंडी वर्षानुवर्षें सोसतें. झाडाची अणकुचीदार फांदी मात्र त्यास सोसत नाहीं. २०२३ च्या उन्हाळ्यांत चिरंजिवांच्या ट्रेलरमध्यें, नातवंडांच्या बिछान्यावरील तक्तपोशीस पिवळा डाग दिसूं लागला. एका कारागिरानें सबंध छप्पर बदलावें लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा ऐकून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, विकूनच टाकलेला बरा." नातवंडें रडवेलीं झालीं.

शेवटीं आम्ही पितापुत्र प्लायवूडच्या फळीवर भार देऊन छप्पर तपासूं लागलों. डागाच्या बरोबर वर कांहींच नव्हतें. रबराखालीं शिरलेलें पाणी उतार शोधीत दूर जातें. त्यामुळें डाग एकीकडे व छिद्र दुसरीकडे, असा प्रकार होतो. दोन हातांच्या अंतरावर मोहरीएवढीं तीन छिद्रें सांपडलीं. तळहातानें दाबून पाहतां खालचें लांकूड अद्याप टणक होतें.

चिरंजीव लगेच सिलिकोन फांसावयास निघाले. परंतु तें या रबरास नीट धरीत नाहीं, आणि एकदां फांसलें कीं त्यावर दुसरेंही कांहीं चिकटत नाहीं. रॉकेल-पेट्रोलनें पुसावें, तर हें रबर फुगतें. म्हणून सौम्य साबणाच्या पाण्यानें, जुन्या रबरावरची खडूसारखी पांढरी भुकटी निघेपर्यंत, जागा धुतली. नंतर खिडक्या उघड्या ठेवून दोन कोरडे दिवस जाऊं दिले. कारण ओल आंत कोंडली तर वरून छप्पर धड दिसतें आणि आंत लांकूड कुजत राहतें. मग छिद्राच्या चोहों बाजूंस दोन इंच पुरेल एवढी ब्यूटिलची चिकटपट्टी कापली. टोंकदार कोपरा आधीं उचलतो, म्हणून कोपरे गोल केले. लहानशा रुळानें ती मध्यापासून कडांकडे दाबली, आणि कडांवर रबरी छपरासाठींच मिळणारें सीलंट लावलें. तयारीस दोन दिवस लागले. पट्टी लावण्यास अर्धा तासही लागला नाहीं.

त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, पण डाग वाढला नाहीं. ट्रेलर विकण्याची गोष्ट मागें पडली.

एकत्र कुटुंबांतही अशीं छिद्रें पडतातच. एखादा शब्द लागतो एका खोलींत, आणि त्याचा डाग उमटतो भलत्याच खोलींत. आपण वडील माणसें घाईनें 'झालें गेलें विसरा' म्हणून वर पट्टी चिकटवितों व घर शांत झालें असें समजतों. परंतु झांकणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. मूळ जागा शोधावी, ती स्वच्छ करावी, ओल सुकूं द्यावी. मग थोडक्या पट्टीनेंही काम भागतें. जाणते लोक रबरी छप्पर दर दोन-तीन महिन्यांनीं पाहून घेतात. घराकडेही तितक्याच वेळां वर मान करून पाहिलें, तर सबंध छप्पर बदलण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.